टूरच्या विजेत्याचे ५ कोटी नक्की कुणाच्या खिशात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर जुलैत ‘टूर दि फ्रान्स’ ही फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत संपली की वर्तमानपत्रांत एक चौकट ठरलेली असते : विजेत्याला ५ लाख युरो, म्हणजे सुमारे ५ कोटी रुपये. आकडा बरोबर असतो. तो वाचून वाचकाची जी समजूत होते ती मात्र चुकीची असते. ते ५ कोटी विजेत्याच्या घरी जात नाहीत आणि त्याच्या वर्षाच्या कमाईत त्यांचे वजनही फारसे नसते. सायकलिंगमधल्या एका बड्या खेळाडूवर किती जणांची दुकाने चालतात आणि त्यांपैकी खरा नफा कुणाला होतो, हे क्रिकेटच्या हिशेबाने मोजायला गेले की गणित चुकते. म्हणून हा पत्रप्रपंच.

उदाहरण स्लोव्हेनियाच्या तादेई पोगाचारचेच घेऊ, कारण सध्या त्याच्याएवढा मोठा सायकलपटू दुसरा नाही. २०२० आणि २०२१, मग २०२४ आणि २०२५ अशी चार वेळा त्याने टूर जिंकली. २०२५ च्या शर्यतीत अंतिम विजेतेपदाचे ५ लाख युरो, चार टप्पे जिंकल्याचे प्रत्येकी ११ हजार, आणि डोंगरी टप्प्यांतल्या ठिपक्यांच्या जर्सीचे (आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ म्हणा) २५ हजार. झाले ५ लाख ६९ हजार. एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी अंगावर असेल त्या दिवसाचे ५०० युरो आणि असेच किरकोळ काही वर. पाचशे युरो हा छपाईतला दोष नव्हे. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध जर्सीचा तो एका दिवसाचा दर आहे.

आता या रकमेचे पुढे काय होते? आधी कर आणि खेळाडूंच्या संघटनेसारख्या ठरलेल्या कपाती. उरलेली रक्कम संघाच्या सामाईक गल्ल्यात पडते. टूरमध्ये एका संघाचे आठ जण असतात. बाकीचे सात जण तीन आठवडे विजेत्याच्या पुढे राहून वारा अंगावर घेतात, पाण्याच्या बाटल्या वाहतात आणि चाक पंक्चर झाले तर स्वतःचे काढून देतात. वाटणी त्यांच्यात होते, शिवाय मेकॅनिक, मालिश करणारे, बस चालवणारे यांनाही वाटा असतो. टूरच्या विजेत्याने आपला हिस्सा सोबत्यांना सोडून द्यायचा हा जुना रिवाज आहे. तो कुठल्या नियमात लिहिलेला नाही. पण मोडला तर पुढच्या वर्षी घाटात कुणी वारा अडवणार नाही, एवढे प्रत्येकाला कळते. दुसऱ्याला २ लाख, तिसऱ्याला १ लाख, आणि विसाव्याच्या खाली उरते १ हजार युरो. सव्वातीन हजार किलोमीटरांची ही मजुरी. महिलांच्या टूरमध्ये तर अव्वल क्रमांकालाच ५० हजार युरो मिळतात, पुरुषांच्या बरोबर एक दशांश.

पोगाचारचा पैसा येतो पगारातून. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने अमिरातीच्या संघाशी २०३० पर्यंतचा करार केला. युरोपातल्या माध्यमांनी त्याचा पगार वर्षाला ८० लाख युरोंच्या आसपास सांगितला आणि मुदतीआधी सोडवून न्यायचे तर २० कोटी युरो मोजावे लागतील असेही छापले. हे आकडे संघाने अधिकृतपणे जाहीर केलेले नाहीत, तरी अंदाज म्हणून धरले तर टूरचे सगळे बक्षीस त्याच्या पगाराच्या सुमारे सात टक्केच भरते, आणि तेही तो वाटून टाकतो. याच घोळक्यात, त्याच्या शेजारून जाणाऱ्या साध्या खेळाडूचा नियमाने ठरलेला किमान पगार वर्षाला ४० हजार युरोंच्या जवळपास आहे. करार नोकरीचा न करता स्वतंत्र व्यावसायिक म्हणून केला तर किमान रक्कम दीडपटीहून थोडी जास्त ठेवावी लागते, कारण विमा आणि निवृत्तिवेतनाचा भार मग त्याच्याच डोक्यावर येतो. मोठ्या खेळाडूंच्या करारात पगार वेगळा आणि नाव-छायाचित्र वापरण्याचे हक्क वेगळे असे दोन कागद बहुधा असतात. इतके सायकलपटू मोनॅकोत किंवा अँडोरात का राहतात, याचे उत्तर तिथल्या डोंगरांत आहे तसे तिथल्या करांतही आहे.

आता खरा प्रश्न : हे ८० लाख देणाऱ्या संघाला काय मिळते? इथेच क्रिकेटशी तुलना तुटते. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले आणि त्यातला मोठा वाटा संघमालकांना मिळतो. त्याशिवाय स्टेडियमची तिकिटे आहेत. सायकल शर्यत रस्त्यावर होते, तिथे तिकीट कुणाला लावणार? आणि टूरच्या प्रक्षेपणातून संघांना छदामही मिळत नाही. सहभागापोटी आयोजक प्रत्येक संघाला साधारण ५० हजार युरो देतो. आठ खेळाडू, वीसेक कर्मचारी, बस, ट्रक आणि मोटारींचा ताफा तीन आठवडे फ्रान्सभर फिरवायचा, त्यात हे ५० हजार किती पुरतील याचा अंदाज लग्नाची वऱ्हाडे नेणाऱ्या कुणालाही येईल. अमिरातीच्या संघाचा वर्षाचा खर्च ५ कोटी युरोंच्या वर असल्याचे सांगतात. तो जवळजवळ सगळा जर्सीवर नाव असणाऱ्यांकडून येतो. म्हणजे संघ हा नफ्याचा धंदा नाहीच. तो कुणाचा तरी जाहिरातखर्च आहे, आणि जाहिरातखर्च ज्या दिवशी कापायचा ठरतो त्या दिवशी संघ संपतो.

हे सुरुवातीपासून असेच नव्हते. पूर्वी संघ सायकल कंपन्यांचे असत. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात स्कूटर आणि मोटारी स्वस्त झाल्या, सायकलींचा खप घसरला आणि कंपन्यांना पगार परवडेनात. १९५४ मध्ये इटलीच्या फियोरेंझो मान्यीने ‘निव्हिया’ क्रीमचे पैसे संघात आणले. फ्रान्समध्ये राफाएल जेमिनियानीच्या संघाच्या जर्सीवर ‘सेंट राफाएल’ या मद्याचे नाव आले. हरकत घेतली गेली तेव्हा ‘राफाएल हे तर माझेच नाव’ असा बचाव त्याने केल्याचा किस्सा आजही सांगतात. मग कॉफीची यंत्रे, सॉसेज, फ्रीज, बँका, लॉटरी. एडी मर्क्ससारख्या खेळाडूची सर्वांत मोठी वर्षे ‘मोल्तेनी’ या मांस-सॉसेजच्या कंपनीच्या जर्सीत गेली. आता त्या जागी देश आले आहेत.

अमिरातीचा संघ मूळचा इटालियन ‘लाम्प्रे’. २०१७ साठी ठरलेला चिनी पैसा आयत्या वेळी आटला आणि अबू धाबीतून मदत आली. आज जर्सीवर सरकारी विमान कंपनी आहे, आणि २०२५ पासून अबू धाबीच्या सरकारी तेल कंपनीची गुंतवणूक करणारी ‘एक्सआरजी’ आहे. या मंडळींना सायकलिंगमधून पैसे सुटावेत अशी अपेक्षाच नाही. ८० लाखांच्या बदल्यात त्यांना जुलैमधली रोजची काही तासांची दृश्ये आणि देशाचे नाव मिळते. एवढी प्रसिद्धी जाहिरातीच्या दराने विकत घ्यायला गेले तर पोगाचार स्वस्तच पडतो. हे देशाची प्रतिमा धुऊन घेणे आहे की पर्यटनाची जाहिरात, यावर वाद आहे. दोन्ही असू शकते.

रोकड नफ्याची गोष्ट सायकल कंपनीत सापडते. एर्नेस्तो कोलनागोने १९५४ मध्ये मिलानजवळच्या कांबियागो गावात दुकान काढले. १९७२ मध्ये मर्क्सने मेक्सिको सिटीत तासाला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला तो कोलनागोने बनवलेल्या सायकलवर. नाव मोठे झाले, पण शतक बदलल्यावर तैवानमध्ये कार्बन फ्रेम घडवणाऱ्या कंपन्यांपुढे इटलीतले जुने कारागीर मागे पडत गेले. मे २०२० मध्ये अबू धाबीच्या ‘कायमेरा इन्व्हेस्टमेंट्स’ने कोलनागोचा बहुतांश हिस्सा घेतला. चारच महिन्यांत, कोरोनामुळे सप्टेंबरवर गेलेली टूर २१ वर्षांच्या पोगाचारने कोलनागोवरून जिंकली. इतक्या वर्षांत त्या नावाच्या सायकलवर टूर जिंकली गेली नव्हती. संघाचा प्रायोजक अबू धाबीचा, सायकल कंपनीचा मालक अबू धाबीचा, घरात ट्रेनरवर सायकल चालवण्याचे ‘मायवूश’ ॲपही अबू धाबीचे आणि तेही संघाचे प्रायोजक. एका खिशातून संघावर केलेला खर्च दुसऱ्या खिशात सायकलविक्रीतून परत येण्याची ही सोय आहे.

आणि ती सोय नियमानेच पक्की झाली आहे. जागतिक संघटना यूसीआयचा दंडक असा की शर्यतीत वापरलेली फ्रेम, चाके, हँडल ठरावीक मुदतीत सामान्य ग्राहकाला विकत मिळालीच पाहिजेत. फक्त संघासाठी बनवलेले गुप्त यंत्र चालत नाही. हेतू चांगला आहे, श्रीमंत संघाने एकट्यापुरते हत्यार बनवू नये. परिणाम मात्र असा की पोगाचारची सायकल ही फॉर्म्युला वनच्या गाडीसारखी बघण्याची वस्तू राहत नाही, ती दुकानात टांगलेली असते, १० हजार युरोंच्या वर किंमत लावून. सायकलचे किमान वजन ६.८ किलो हे बंधन २००० पासून आहे. त्यामुळे वजनात फार काही उरले नाही, आणि कंपन्या आता हवेला चिरणाऱ्या आकारांवर पैसे लावतात. २०२४ च्या डिसेंबरात आलेली कोलनागोची ‘वाय १’ याच जातीची. एका संघात ३० पर्यंत खेळाडू. प्रत्येकाला सरावाची एक, शर्यतीची एक, मोटारीच्या टपावर सुट्या एक-दोन आणि टाइम ट्रायलच्या (एकट्याने घड्याळाशी लढायच्या टप्प्याच्या) दोन धरल्या तर दीडशेच्या पुढे सायकली. त्या फुकट द्यायच्या आणि वर रोख रक्कमही द्यायची, एवढे करून कंपनीला परवडते, कारण हौशी गिऱ्हाईक विजेत्याच्याच रंगाची फ्रेम मागते. बूट, हेल्मेट, चष्मा, टायर यांचे करार असेच, आकार लहान एवढेच.

हाच धागा हॉलंडमध्ये आणखी ठळक दिसतो. २०२३ मध्ये यंबो-व्हिस्मा संघाने जे कुणालाच जमले नव्हते ते केले. इटलीची जिरो, टूर आणि स्पेनची व्हुएल्टा, तिन्ही मोठ्या शर्यती एका वर्षात, तीन वेगवेगळ्या खेळाडूंनी जिंकल्या : रोगलिच, विंगेगार्ड आणि कुस. कुठल्याही खेळात अशा संघाच्या दारात रांग लागली असती. इथे यंबो या सुपरमार्केट साखळीने माघार घेतली होती आणि त्याच शरद ऋतूत संघ प्रतिस्पर्धी सूडाल संघात विलीन व्हायच्या बोलण्यांत होता. शेवटी पैसा आला ‘लीज अ बाइक’कडून. ती ‘पोन’ या डच उद्योगसमूहाची कंपनी, आणि संघ ज्या सर्व्हेलो सायकली चालवतो तीही पोनचीच. इतके जिंकूनही संघ तरला तो सायकल विकणाऱ्याच्या पैशावर. २०२५ अखेर फ्रान्सचा आर्केआ संघ बंद झाला, बेल्जियमचे दोन संघ एकत्र आले. संघ बुडाला तर काही महिन्यांचे पगार तरी सुटावेत म्हणून यूसीआय आधीच बँक हमी भरून घेते. ही अट पूर्वीच्या बुडीत संघांनीच शिकवली.

मग खात्रीचा नफा कुणाचा? शर्यतीच्या मालकाचा. टूर ही फ्रान्स सरकारची किंवा एखाद्या महासंघाची नाही. ती आमोरी कुटुंबाच्या ‘एएसओ’ कंपनीची खासगी मालमत्ता आहे. याच समूहाचे ‘लेकिप’ हे क्रीडा दैनिक. शर्यतीचा जन्मच वर्तमानपत्राचा खप वाढवण्यासाठी झाला : १९०३ मध्ये ‘लोतो’ दैनिकाने ती काढली, आणि पिवळी जर्सी १९१९ मध्ये आली ती त्या दैनिकाच्या पिवळ्या कागदावरून. संपादक महाशय, आपल्या व्यवसायातली इतकी यशस्वी कल्पना दुसरी क्वचितच सापडेल. पॅरिस-रुबे, पॅरिस-नीस, लिएज-बास्तोन-लिएज आणि स्पेनची व्हुएल्टाही आता एएसओचीच.

तिच्याकडे पैसा चारी बाजूंनी येतो. प्रक्षेपणाचे हक्क. जर्सी आणि टप्प्यांचे प्रायोजक. शर्यतीच्या पुढे धावणारा जाहिरातींचा रथांचा ताफा, जो १९३० मध्ये सुरू झाला. त्या वर्षी संस्थापक आंरी देग्रांजने सायकल कंपन्यांवर चिडून राष्ट्रीय संघांची पद्धत आणली, खेळाडूंच्या सायकली आणि जेवणाचा खर्च अंगावर आला, तो काढायला ‘मनिए’ चॉकलेटवाल्यांना रस्त्यावर वाव दिला. आज दीडशेच्या घरातली वाहने टोप्या, बिस्किटे, चाव्यांचे बिल्ले उधळत जातात आणि प्रत्येक कंपनी त्या जागेचे पैसे भरते. चौथी बाजू गावांची. टप्पा आपल्या गावी सुटावा किंवा संपावा म्हणून नगरपालिका एएसओला शुल्क देते. सर्वसाधारण टप्प्याला लाखाच्या आसपास युरो, शर्यतीची सलामी हवी असेल तर कित्येक पटींनी. रस्त्याचे डांबर, अडथळे, वाहतूक वळवण्याचा खर्च वेगळा. १९५२ मध्ये आल्प द्युएझच्या घाटावर पहिल्यांदा टप्पा संपला तोही स्थानिक हॉटेलवाल्यांनी पैसे उभे केले म्हणून. फाउस्तो कोप्पी जिंकला आणि हॉटेले कायमची भरली. त्या २१ वळणांचा फायदा कोप्पीपेक्षा हॉटेलवाल्यांना जास्त काळ झाला.

खेळाडू इथे फुकट येतो, हे लक्षात घ्या. पोगाचार टूरमध्ये उतरावा म्हणून आयोजकाला त्याला काही द्यावे लागत नाही. टूर चुकवणे ना त्याला परवडते, ना प्रायोजकाला. प्रक्षेपणातला वाटा मिळावा म्हणून संघांनी २०१४ मध्ये ‘व्हेलॉन’ नावाची संयुक्त कंपनी काढून पाहिली. पुढे सौदी पैशावर ‘वन सायकलिंग’ या नव्या शर्यत-मालिकेचा बेत आला, तो जून २०२५ मध्ये यूसीआयने आहे त्या रूपात नाकारला. एएसओ या दोन्हींपासून लांबच राहिली. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

लहान शर्यतींत उलट चित्र दिसते, तिथे येण्याचे पैसे मोजले जातात. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २००९ ते २०११ या काळात अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला ‘टूर डाउन अंडर’ या तिथल्या शर्यतीसाठी बोलावले ते सरकारी तिजोरीतून, आणि रक्कम तेव्हा जाहीर केली नाही. त्याचे उत्तेजकांचे प्रकरण उघड झाल्यावर तेच पैसे परत मागायची वेळ आली. टूरनंतरच्या ऑगस्टमधल्या गावोगावच्या क्रिटेरियम शर्यती तर एके काळी खेळाडूंचे मुख्य उत्पन्न होते. चौकाला फेऱ्या, भरलेली बिअरची दुकाने, आणि निकाल बहुतेक वेळा आधीच ठरलेला. कुणी किती मानधन घ्यायचे हे दलाल ठरवत. फ्रान्समध्ये असे दोनच बडे दलाल होते, दानिएल दुसे आणि रोजे पिएल. १९५९ च्या टूरमध्ये दुसेकडचे आंकेतील आणि रिव्हिएर फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात होते, आणि पिएलकडचा आंरी आंग्लाद, तोही फ्रेंचच, प्रादेशिक संघातून जिंकण्याच्या बेतात होता. आंग्लाद जिंकता तर ऑगस्टचे भाव त्याचे आणि पिएलचे वाढले असते. स्पेनचा बाहामोन्तेस घाटाचा बादशहा, पण सपाट चौकात कुचकामी, त्याचा धोका नव्हता. आंकेतील आणि रिव्हिएर यांनी बाहामोन्तेसचा पाठलाग केलाच नाही, असे सायकलिंगच्या इतिहासात उघडपणे सांगितले जाते. बाहामोन्तेस जिंकला, आंग्लाद दुसरा, आंकेतील तिसरा, आणि पॅरिसच्या स्टेडियममध्ये घरच्याच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. आज एजंटांना यूसीआयचा परवाना लागतो. दलाली मात्र तशीच टक्क्यांत असते.

आणखी एक धंदा सहसा नजरेत येत नाही, तो बोनसच्या विम्याचा. विजेत्याला लाखो डॉलरचा बोनस कबूल करायचा आणि ती जोखीम विमा कंपनीवर टाकायची. आर्मस्ट्राँगच्या विजयांपोटी ‘एससीए प्रमोशन्स’ने अशा रीतीने एकूण सुमारे १ कोटी २० लाख डॉलर दिले. २०१५ मध्ये लवादाने त्याला कंपनीला १ कोटी डॉलर भरायचा आदेश दिला. संघाच्या जर्सीवर नाव असलेल्या अमेरिकी टपाल खात्याने ३ कोटी २० लाखांच्या आसपास खर्च केले होते. तो दावा २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर मिटला, आणि त्यातले ११ लाख गेले दावा सुरू करणाऱ्या फ्लॉइड लँडिसला, जो स्वतःच उत्तेजकांमुळे टूरचे विजेतेपद घालवून बसलेला माजी सहकारी. ज्या हजारो सायकली आर्मस्ट्राँगच्या नावावर विकल्या गेल्या, त्यांचे पैसे कुणी परत मागितले नाहीत.

या साखळीत एक कडी रिकामी राहते. पोगाचार घडला ल्युब्लियानाच्या ‘रोग’ क्लबात, मोठ्या भावाच्या मागून गेलेला, हाताशी बसेल अशी लहान सायकलही सुरुवातीला नसलेला मुलगा. फुटबॉलमध्ये खेळाडूची बदली होते तेव्हा त्या रकमेतले ५ टक्के त्याला लहानपणी शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. सायकलिंगमध्ये बदलीची बाजारपेठच जवळपास नाही, करार संपला की खेळाडू मोकळा. त्यामुळे अशी जगभर लागू असलेली वाटणीही नाही. मुलाला बारा वर्षांचा असताना सायकल, मोटार आणि रविवार देणाऱ्याच्या पदरात बहुतेक वेळा एक सही केलेली जर्सी पडते.

हे सगळे सांगण्याला जवळचे निमित्त पुण्याचे आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, यूसीआयच्या २.२ दर्जाची, आणि तिच्यासाठी जिल्ह्यातले रस्ते सार्वजनिक पैशातून नव्याने केले गेले. २.२ या खालच्या दर्जात वर्ल्डटूरच्या, म्हणजे अव्वल श्रेणीच्या, संघांना प्रवेशच नसतो, तेव्हा ‘पुढच्या वर्षी पोगाचार पुण्यात’ असली बातमी कुणी दिली तर आधी शर्यतीचा दर्जा तपासावा. दर्जा पुढे वाढवायचा असेल तर शुल्क, निवास, सुरक्षा, प्रक्षेपणाचे हेलिकॉप्टर यांचा खर्च चढत जातो, आणि आल्प द्युएझचा हिशेब बोरघाटालाही लागू होतो. म्हणून बातमीदारांनी विजेत्याच्या बक्षिसासोबत हेही विचारावे : शर्यतीच्या नावाची आणि प्रक्षेपणाची मालकी कागदोपत्री कुणाकडे आहे, किती वर्षांसाठी, प्रायोजकाची रक्कम कुठल्या खात्यात जमा होते, रस्त्याच्या देखभालीचे दायित्व कुणाचे, आणि सांगली, कोल्हापूर, नाशिक, पुण्यातल्या ज्या क्लबांतून पोरे पुढे येतात त्यांच्यासाठी करारात एखादे कलम आहे का.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे